पुन्हा पहिलीत

कॉलेज संपलं आणि वाचन सुटलं ते सुटलंच. परीक्षा नाही, मग पुस्तक कशाला?

२०२३ साली आमच्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठवाड्यातल्या निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधू लागली. नोंदी मोडीत, उर्दूत... आणि वाचणारे मोजकेच!

आमच्या घरातही पणजोबांचे मोडी कागद होते. आम्हाला त्या नुसत्या मुंग्या. मग मोडी शिकायला बसलो. महिन्याभराने एक ओळ लागली, विहिरीच्या वाटणीची. 'कुणबी' शब्द काही सापडला नाही. पण पहिलीत असताना एसटीची पाटी आपली आपण वाचली होती ना, तो आनंद सापडला.

आता रोज रात्री एक पान. परीक्षेशिवाय!