राणीच्या सोबतीला कोण?

१९७६ साली चीनमधील आनयांग येथे झेंग झेनशियांग या पुरातत्त्वज्ञ स्त्रीच्या नेतृत्वाखाली एक थडगे उघडले गेले. चोरांचा हात न लागलेले हे थडगे शांग राजा वू दिंग याची राणी आणि सेनानी फू हाओ हिचे होते; काळ सुमारे इ.स.पू. १२००. आत ४६८ कांस्यवस्तू, ७५५ जेडच्या वस्तू आणि जवळजवळ ६,९०० कवड्या होत्या. शिवाय ६ कुत्रे आणि १६ माणसे.

मृत्यूनंतरही संसार चालू राहतो, ही यामागची श्रद्धा. पूर्वज तृप्त असले तर वंशजांचे भले होते. राणीला परलोकी भांडी लागणार, तसे सेवकही लागणारच!

इ.स.पू. ६२१ मध्ये छिन राज्याच्या मू या अधिपतीसोबत १७७ जण गेले. त्यांतल्या तीन कर्तबगार भावांसाठीचा शोक ‘शीजिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहात आजही वाचायला मिळतो. म्हणजे ही प्रथा त्या काळच्या लोकांनाही सहज पचलेली नव्हती. छिनमध्ये इ.स.पू. ३८४ मध्ये तिच्यावर बंदी आली.

माणसांच्या जागी बाहुल्या पुरण्याची रीतही रूढ झाली होती. मेन्शियसच्या सांगण्यानुसार कन्फ्यूशियसला त्याही खटकल्या, कारण त्या हुबेहूब माणसासारख्या दिसत. ‘लीजी’ या विधिग्रंथातील विचार अधिक सूक्ष्म आहे. मृताला सर्वस्वी मृत मानणे निर्दयपणाचे आणि सर्वस्वी जिवंत मानणे अडाणीपणाचे. म्हणून थडग्यात ‘मिंगछी’ ठेवायच्या, म्हणजे केवळ मृतांसाठी घडवलेल्या वस्तू: वापरता न येणारी भांडी, तारा असूनही सुरात न लावलेली वाद्ये.

१९७४ साली शेतकऱ्यांना विहीर खणताना सापडलेले पहिल्या छिन सम्राटाचे मातीचे सैन्य याच परंपरेतले. परंतु इतिहासकार सिमा छियेन नोंदवतो, की इ.स.पू. २१० मध्ये सम्राटाच्या निपुत्रिक उपपत्नींना त्याच्यासोबत मृत्यू पत्करावा लागला आणि कारागिरांना आतच कोंडण्यात आले. सैनिक मातीचे; स्त्रिया मात्र हाडामांसाच्या.

पुढे सामान्यांच्या घरी कागद आला. जाळलेली वस्तू मृतापर्यंत पोहोचते, असा समज. सोंग काळात काईफेंगच्या रस्त्यांवर अशा कागदी वस्तूंची दुकाने होती. आज छिंगमिंगच्या सणाला कागदी मोबाइलही जाळतात.

राजवाड्यात मात्र १३९८ साली, मिंग घराण्याच्या संस्थापकाच्या मृत्यूनंतर, त्याच्या उपपत्नींना पुन्हा जीव द्यावा लागला. मिंग दरबारातील ही प्रथा थांबली ती १४६४ साली, मृत्युशय्येवरील सम्राट यिंगझोंगच्या आज्ञेने.