पहिली तारीख, बुधवार, कुर्डुवाडी

तारीख आधी पक्की करा: १ जानेवारी १९५८. वार बुधवार. दुसरा कुठला दिवस घेतलात तर अर्धीच मजा हाती लागेल. रेडिओ सिलोनच्या श्रोत्याला पहिली तारीख वेगळ्या कारणाने प्यारी आणि बुधवार वेगळ्या. दोन्ही एकाच दिवशी आलेत, तेव्हा एका खेपेत काम होतंय.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने या. उजाडताना खाली उतरलात की प्रथम थंडी लागेल, मग कोळशाचा धूर. मोठ्या लायनीच्या पलीकडे नुसते अडीच फूट रुंदीचे रूळ दिसतात, ती बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८९७ साली ती सुरू केली, तेव्हा या स्टेशनाला बार्शी रोड म्हणत. पुढे एक फाटा पंढरपूरवरून मिरजेला गेला, दुसरा बार्शीवरून लातूरला. चार वर्षांपूर्वी, १९५४ च्या पहिल्याच दिवशी, सरकारने ही लाईन कंपनीकडून ताब्यात घेतली. छोटी गाडी उभी आहे. तिच्या डब्यात बसलेल्या म्हाताऱ्याचे गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना लागतात आणि त्याबद्दल दोघांचीही तक्रार नाही.

खिशातली नाणी तपासून घ्या. नवे पैसे येऊन नऊ महिने झालेत, तरी स्टेशनसमोरच्या हॉटेलचा मालक हिशेब आण्यातच करतो आणि सुटे देताना नव्या पैशांत देतो. त्यात त्याचं नुकसान होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

हॉटेलात शिरल्यावर नजर वर जाते. फळीवर रेडिओ, त्यावर भरतकाम केलेलं फडकं, शेजारी वीटभर जाडीची बॅटरी. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणली आहे, ती एरियल. बटणाला हात लावायचा हक्क फक्त मालकाचा. तो बटण फिरवतो, पण लगेच काहीच होत नाही. आतल्या व्हॉल्व्हना तापायला वेळ लागतो. मग हिरवा डोळा हळूहळू उजळतो, खरखर सुरू होते, आणि काटा सिलोनवर येऊन थांबतो.

आणि किशोरकुमार. पगाराच्या दिवशी खूष झालेल्या माणसाचं गाणं. घरात कुणाला काय हवंय, याची चाललेली फर्माईश, आणि त्या सगळ्यात उड्या मारणारी चाल. हे ‘पहली तारीख’ या चित्रपटातलं. दर महिन्याच्या १ तारखेला रेडिओ सिलोन ते वाजवतं आणि पुढे कित्येक दशकं वाजवत राहणार आहे. चित्रपट १९५४ चा, राजा नेन्यांचा. तो कुणी पाहिलाय असं विचारा. बाकावरचे चौघे एकमेकांकडे बघतात. पाहिलेला एकही नाही, गाणं मात्र चौघांना येतं.

“पाव्हणं, कुठनं आलाव?” वर्कशॉपमधला फिटर विचारतो. निळ्या डगल्यावर ग्रीसचे डाग, कपातला चहा बशीत. त्याला मुंबई सांगा आणि सांगून टाका की या गाण्याची चाल सुधीर फडक्यांची आहे.

“कोण? गीतरामायणाचं फडके?”

होय, तेच. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये वर्षभर वाजलेल्या ५६ गाण्यांना ज्यांनी चाली लावल्या, तेच.

“काय सांगालाव!” तो बशी खाली ठेवतो. “रामाचं गाणारा माणूस असलं कसं करंल?”

त्याला पटवू नका. तुम्ही तुमच्या काळात यूट्यूबवर ते गाणं ऐकता तेव्हा खाली संगीतकाराचं नाव वाचूनही तुमचा चेहरा असाच झाला होता. त्या गाण्याला कधी कुठल्या यादीत कितवा नंबर होता, हे आज कुणी विचारत नाही, कारण त्याची जागा यादीत नसून महिन्याच्या हिशेबात आहे.

दुपार वेटिंग रूममध्ये काढा किंवा वर्कशॉपचा भोंगा ऐकत गावात फिरा. संध्याकाळी मात्र साडेसातलाच परत या, नाहीतर बाकावर जागा मिळायची नाही.

बुधवारच्या गीतमालेचा घोळ समजून घ्यायला पाच वर्षं मागे जावं लागतं. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. केसकर पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त. सिनेमाची गाणी त्यांना मुळीच सोसत नसत. आकाशवाणीवर त्या गाण्यांची कोंडी झाली आणि श्रोते उठून शेजारच्या देशात गेले. महायुद्धात दोस्तांनी सिलोनला उभारलेला दणकट ट्रान्समीटर तिथे तयारच होता. त्याच वर्षी ३ डिसेंबरला बिनाका गीतमाला सुरू झाली. सिबा कंपनीची टूथपेस्ट, अमीन सायानींचा आवाज. पहिल्यांदा नुसतं कोडं होतं: सात गाणी उलटसुलट वाजवायची, श्रोत्यांनी ती सालवार लावायची, बरोबर येणाऱ्याला १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली. वर्षभरात आठवड्याला ६५,००० येऊ लागल्यावर पत्रं फोडणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला आला, आणि कोडं बंद करून गाण्यांना नंबर द्यायला सुरुवात झाली. म्हणजे आपल्याकडची गाण्यांची सर्वांत मोठी स्पर्धा टपालाच्या ओझ्यातून जन्मली.

सायानी मुंबईतच ध्वनिमुद्रण करतात. टेप विमानाने कोलंबोला जाते आणि तिथून आवाज हवेतून कुर्डुवाडीला येतो. मुंबई इथून एका रात्रीच्या गाडीवर.

आठ वाजतात. “बहनों और भाइयों” झालं की हॉटेलात कपबशीचासुद्धा आवाज होत नाही. आवाज चढतो, बुडतो, पुन्हा वर येतो. मालक बटणावर दोन बोटं ठेवून उभा. एकेक पायदान चढत जायचं, शेवटी बिगुल आणि सरताज गीत. मधल्या जाहिरातीत वाद पेटतो. गेल्या वर्षातलं सगळ्यांत भारी गाणं कुठलं? गुड्स ऑफिसातला क्लार्क ‘प्यासा’वर अडून बसलाय. कॉलेजात जाणारा मुलगा ‘नया दौर’च्या बाजूचा. ‘मदर इंडिया’ला मालकाचं मत. फिटर एकटाच ‘जनम जनम के फेरे’ म्हणतो आणि तिघे त्याला हसतात.

तुम्ही ओठ मिटून बसा. १९५७ च्या वार्षिक यादीत डोक्यावर बसलेलं गाणं फिटरचंच आहे. संगीतकार एस. एन. त्रिपाठी, आवाज रफी आणि लताबाईंचे, लिहिणारे भरत व्यास. पौराणिक चित्रपटांच्या कामातच गुंतवले गेलेले त्रिपाठी त्या एका वर्षी सचिन देव बर्मन, ओ. पी. नय्यर आणि नौशाद यांच्या वर निघाले. पुढच्या पिढ्या ‘प्यासा’वर पुस्तकं लिहितील. ‘जनम जनम के फेरे’ हे नाव ऐकून, हा चित्रपट होता का मालिका, असं विचारतील.

मला त्याहून भरत व्यासांची गंमत वाटते. त्याच वर्षी त्यांनी शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची गाणी लिहिली. कथा गदिमांची, संगीत कोकणातल्या सोनवड्याच्या वसंत देसाईंचं. त्यातली प्रार्थना १९५७ च्या शिखरावर पोचली नाही. ती गेली शाळांच्या मैदानांवर, तुरुंगांत, आणि तिथे रोज सकाळी रांगेत उभं राहून म्हटली जाऊ लागली. तिचे गाणारे मोजायला कुठला दुकानदार पुरला असता? क्लार्क तो चित्रपट मुंबईत पाहून आलाय. “गाणं बरंय,” तो म्हणतो, “पण रेकॉर्ड खपायची नाही.” आणि त्याचं बरोबरच आहे, कारण पायदान ठरतं ते रेकॉर्डच्या खपावर आणि श्रोत्यांच्या पत्रांवर. ज्याच्या घरी फोनो नाही आणि ज्याने कार्ड टाकलं नाही, त्याच्या कानाला या मोजणीत किंमत नाही. चित्रपट मात्र येत्या उन्हाळ्यात बर्लिनच्या महोत्सवातून रुपेरी अस्वल घेऊन येणार आहे, हेही सांगू नका. क्लार्क तुम्हाला ज्योतिषी समजेल आणि बदलीचं विचारेल.

तिकडे युरोपातही हाच खेळ. बरोबर दहा आठवड्यांनी, १२ मार्चला, हॉलंडमधल्या हिल्वर्सम गावी दहा देशांची युरोव्हिजन स्पर्धा होईल. फ्रान्सचा आंद्रे क्लाव्हो पहिला येईल. इटलीचा दोमेनिको मोदुन्यो निळ्या आकाशात उडण्याचं गाणं म्हणेल आणि परीक्षक त्याला तिसरा नंबर देतील. पुढच्या वर्षी अमेरिकेत पहिल्यांदाच ग्रॅमी दिली जाईल, तेव्हा वर्षातलं सर्वोत्तम गाणं आणि सर्वोत्तम रेकॉर्ड हे दोन्ही मान त्या तिसऱ्या नंबरालाच मिळतील. क्लाव्होचं गाणं गुणगुणणारा माणूस शोधून दाखवा.

एवढ्यात मालगाडी येते. सोलापूरकडून, लांबलचक, सावकाश. फळीवरचा रेडिओ थरथरतो, हिरवा डोळा मिचमिचतो आणि एक अख्खं गाणं वाघिणींच्या खडखडाटात बुडून जातं. गाडी गेल्यावर खाली उरतो तो पुढच्या पायदानाचा आकडा.

“मधलं कुठलं होतं हो?”

कुणालाच माहीत नाही. क्लार्क वहीत आठवड्याची यादी उतरवतो. तिथे तो एक रेघ मारून ठेवतो.

ही रेघ बघून घ्या, परतल्यावर तुमचं काम तिथूनच सुरू होतं. हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांच्या हिंदी फिल्म गीत कोशाचा १९५१ ते ६० चा खंड मिळवा. त्यात पायदान नाही, सरताज नाही. चित्रपटामागून चित्रपट, गाण्यामागून गाणं, गायक, रेकॉर्डचा क्रमांक. ७८ च्या तबकडीला दोन बाजू असत, गाजलेली एक आणि पाठीमागची दुसरी. पाठीमागच्या बाजू वाचत चला. गोव्याचे एन. दत्ता भेटतील, ‘मिलाप’मध्ये. पुढच्या खंडात गेलात तर स्नेहल भाटकर, मुबारक बेगमकडून एक गाणं गाऊन घेणारे आणि त्या एकाच गाण्यावर उत्तर हिंदुस्थानात ओळखले जाणारे. यादीत वर गेलेलंच चांगलं, असं माझं कधी मत नव्हतं. खाली राहिलेलं सगळं सोनं असतं, असंही नाही. पाठीमागच्या दहांत सात भिकारच निघतात. उरलेल्या तिनांसाठी हा उद्योग.

बिगुल वाजतो. सरताज गीत होतं. कुणी खूष, कुणी शिव्या देतं, मालक लगेच बॅटरी वाचवायला बटण बंद करतो. कॉलेजचा मुलगा खिशातून पोस्टकार्ड काढतो. त्यांचा श्रोता संघ आहे म्हणे. सभासद याच बाकावरचे.

“पाव्हणं, तुमचंबी एक सांगा. नाव घालतो.”

तुम्ही सकाळचं सांगता. फडक्यांचं, पहिल्या तारखेचं.

हॉटेल हसतं. “चार वर्षांमागचं?” क्लार्क म्हणतो.

“आणि त्याला कशाला मत?” फिटर विडी पेटवतो. “ते महिन्याच्या महिन्याला फुकट वाजतंय की.”

मुलगा तरीही लिहितो, कार्डाच्या कडेला, पत्त्याची जागा सोडून, बारीक अक्षरात. लिहून झाल्यावर तो मालकाकडे बघतो, मालक तुमच्याकडे.

“कार्डाचे पैसे पाव्हण्यांकडनं घ्या,” फिटर सांगतो, “आणि चार चहाचे पण. आज पहिली तारीख हाय.”