व्हेरा मेंचिक क्लब

१९२९ साली चेकोस्लोव्हाकियातील कार्ल्सबाड येथे बुद्धिबळाची मोठी स्पर्धा भरली. बावीस खेळाडूंत स्त्री एकच, व्हेरा मेंचिक. व्हिएन्नाचे आल्बर्ट बेकर थट्टेने म्हणाले, ‘त्यांच्याशी जो हरेल, तो व्हेरा मेंचिक क्लबचा सभासद!’ पहिले सभासद खुद्द बेकरच झाले.

व्हेरांचा जन्म १९०६चा, मॉस्कोतला. वडील चेक, आई इंग्रज. १९२१ मध्ये कुटुंब इंग्लंडला आले. तेथे हंगेरीचे नामवंत खेळाडू मारोत्सी यांनी त्यांना शिकवले. १९२७ मध्ये स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तेव्हापासून १९३९ पर्यंतच्या सातही स्पर्धा व्हेरांनीच जिंकल्या. एकूण ८३ डावांपैकी ७८ जिंकले, ४ बरोबरीत सुटले, हरल्या फक्त एक.

कार्ल्सबाडला मात्र २१ डावांत ३ गुण मिळून त्या शेवटच्या आल्या. मग थट्टा खरी ठरली का? एका स्पर्धेवरून एका खेळाडूचीही कुवत ठरत नाही, मग सगळ्या स्त्रियांची कशी ठरेल? पुढे पंजाबचे सुलतान खान आणि १९३५ मध्ये जगज्जेते झालेले माक्स यूवे हेही या ‘क्लबा’त आले.

२६ जून १९४४ रोजी लंडनमधील घरावर जर्मन उडता बॉम्ब पडून व्हेरा, त्यांची आई आणि बहीण ओल्गा मृत्यू पावल्या. तेव्हाही जगज्जेतेपद व्हेरांकडेच होते.

बुद्धिबळ ऑलिंपियाडमधील महिला संघांच्या चषकाला त्यांचे नाव आहे. २०२४ मध्ये भारतीय संघाने तो जिंकला, त्यात नागपूरची दिव्या देशमुख होती. ‘मुलींना बुद्धिबळ जमत नाही’ असे कोणी म्हणाले, तर आपण एवढेच विचारू या : आपल्या शाळेत किती मुलींसमोर पट मांडला गेला?