जेनिक्युलेट पिंड

मेंदूतील थॅलॅमस या भागाच्या मागच्या-खालच्या टोकाशी असलेले दोन लहान उंचवटे. मेंदूच्या प्रत्येक बाजूला अशी एक जोडी असते. बाहेरचा पिंड दृष्टीचा, आतला श्रवणाचा. डोळ्यांकडून व कानांकडून आलेले संदेश येथून कॉर्टेक्सकडे, म्हणजे मेंदूच्या बाह्यकाकडे जातात. 1926 साली परळला सुरू झालेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी विद्यार्थी शवविच्छेदनात हे पिंड पाहतात. बाहेरचा पिंड आडवा कापला की त्याचे पट्टे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

हे थर सहा. 1, 4 व 6 विरुद्ध बाजूच्या डोळ्याचे, 2, 3 व 5 त्याच बाजूच्या डोळ्याचे. डाव्या पिंडात दोन्ही डोळ्यांनी टिपलेला दृश्याचा उजवा अर्धा भाग येतो. म्हणून डावा पिंड पूर्ण निकामी झाल्यास एकही डोळा आंधळा होत नाही, पण दोन्ही डोळ्यांना उजवीकडचे दिसेनासे होते. रुग्ण मात्र ‘उजवा डोळा गेला’ असेच सांगतो; वाचताना त्याला ओळीचा पुढचा भाग सापडत नाही. अशा वेळी चष्म्याचा नंबर बदलून काहीच साधत नाही. एकेक डोळा झाकून, समोर बोटे हलवून दृष्टिक्षेत्र तपासणे ही मिनिटभराची तपासणी कधीच टाळू नये.

श्रवणपिंडाकडे संदेश मध्यमेंदूतील इन्फीरियर कॉलिक्युलसमधून येतात. दोन्ही कानांचे मार्ग त्याआधीच एकमेकांत मिसळलेले असल्याने एका बाजूचा पिंड बिघडला तरी कोणताही कान बहिरा होत नाही. लालबागच्या मिरवणुकीत ढोल-ताशांनी कान बधिर होतात, तो आघात आतल्या कानातील केसपेशींवर होतो. पिंडाचा त्यात दोष नसतो.

या पिंडांना केवळ टपालघर मानणे अपुरे आहे. दृष्टिपिंडातील पेशींवरच्या जोडण्यांपैकी डोळ्यातून येणाऱ्या जेमतेम दहावा हिस्सा असतात. कॉर्टेक्सकडून उलट खाली येणाऱ्या त्याहून कितीतरी अधिक. कशाकडे लक्ष द्यायचे, झोपेत काय अडवायचे, याची छाननी येथेच सुरू होते.

वाढत्या वयात या पेशींना डोळ्याचा वापर लागतो. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा बंद ठेवल्यास त्या डोळ्याच्या थरांतील पेशी आक्रसतात, हे वीझल व ह्यूबेल यांनी 1963 साली दाखवले. पुढे 1981 च्या नोबेल पारितोषिकात दोघांचा वाटा होता. लहानपणीच्या मोतीबिंदूवर किंवा तिरळेपणावर लवकर उपचार करावे लागतात ते याच कारणाने. जन्मांध व्यक्तींत दृष्टिपिंड लहान आढळतो, पण दृष्टीचा कॉर्टेक्स रिकामा राहत नाही. 1900 साली स्थापन झालेल्या दादरच्या अंधशाळेत मुली बोटांनी ब्रेल वाचतात. असे वाचन चालू असताना अंध वाचकांचा दृष्टीचा कॉर्टेक्सही कामाला लागतो, असे मेंदूच्या चित्रणातून दिसले आहे.