चिलकूट खिंड, ३ एप्रिल १८९८

१६ ऑगस्ट १८९६. कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात, क्लोंडाइक नदीजवळच्या एका ओढ्यात कीश नावाच्या माणसाला आणि त्याच्या नातलगांना सोनं सापडलं.

१७ जुलै १८९७. ते सोनं घेऊन ‘पोर्टलंड’ ही बोट सिॲटल बंदराला लागली. पुढच्या काही महिन्यांत सुमारे एक लाख माणसं उत्तरेकडे निघाली. त्यांतली हजारो अलास्कातल्या डाया गावी उतरून चिलकूट खिंडीकडे वळली.

फेब्रुवारी १८९८. खिंडीच्या माथ्यावर कॅनडाच्या पोलिसांची चौकी बसली. वर्षभराचा शिधा असेल त्यालाच पुढे सोडत. पलीकडे लोक उपाशी मरू नयेत म्हणून हा नियम होता, आणि तो योग्यच होता. शिधा, तंबू, हत्यारं मिळून ओझं भरे जवळपास ९०० किलो. पाठीवर एका वेळी २५-३० किलो पेलवत. म्हणजे बर्फात खोदलेल्या सुमारे १,५०० पायऱ्या तीस-चाळीस वेळा चढायच्या. मुलांनो, हा हिशेब लक्षात ठेवा. अर्धं सामान वर आणि अर्धं खाली असलं, की माणूस जागा सोडून जात नाही.

मार्चअखेर. बर्फ पडतच होता. एप्रिल उजाडताच वादळ आलं आणि वारा ऊबदार झाला. उतारांवरचा ताजा बर्फ ओला, जड होऊ लागला. पिढ्यान् पिढ्या ही वाट तुडवणाऱ्या त्लिंगिट हमालांनी वर जायला नकार दिला. मजुरी बुडाली तरी ते हलले नाहीत. काही प्रवाशांनी त्यांचं ऐकलं. बरेच जण वरच राहिले.

३ एप्रिल, रविवार, पहाटे सुमारे २. पहिला लोट घसरला. काही माणसं गाडली गेली. त्यांना उकरून काढलं.

सकाळी सुमारे ९:३०. आणखी एक लोट. तिघांचा मृत्यू. आता मात्र पायऱ्यांच्या तळाशी, स्केल्स इथे थांबलेल्यांनी खाली शीप कॅम्प या तळावर जायचं ठरवलं. अंतर जेमतेम पाच किलोमीटर, पण वाट अरुंद दरीतून आणि डोक्यावर तेच उतार. हिमवादळात पुढचा माणूस दिसेना, म्हणून एकामागे एक, दोर धरून ते निघाले. सामान वाहणाऱ्या रज्जुमार्गाचे मजूरही काम थांबवून उतरू लागले.

दुपारी बाराच्या सुमारास. वरचा अख्खा उतार सुटला. सुमारे दहा एकर वाट बर्फाखाली गेली, कुठे कुठे ३० फूट खोल.

पुढची वीस मिनिटं. शीप कॅम्पमधून शेकडो माणसं फावडी घेऊन धावली आणि समांतर चर खणू लागली. घसरून थांबलेला बर्फ घट्ट दबून बसतो. आत अडकलेल्याला बोटही हलवता येत नाही. खालून बोलणं ऐकू येत होतं. काही जण जिवंत निघाले. पुढे पुढे निघाले ते मृतदेहच.

त्यानंतरचे दिवस. मृतदेह डायाला उतरवले. बऱ्याच जणांना तिथेच पुरलं. फळ्यांवर नाव आणि ३ एप्रिल ही तारीख. पायऱ्यांवर पुन्हा रांग लागली. माथ्यावरच्या चौकीत सामानाची तपासणी होत असे, पण खालच्या तळांवर कोण कोण होतं याची यादी कुणाकडेच नव्हती. त्यामुळे मृतांचा आकडा कुठे पन्नासच्या आत, तर कुठे सत्तरच्या पुढे दिला जातो.