जॉर्डेनस कातालानी

(कार्यकाल सु. १३२०–३०). डोमिनिकन संघाचा फ्रेंच ख्रिस्ती धर्मोपदेशक, भारतातील पहिला लॅटिन कॅथलिक बिशप व मध्ययुगीन प्रवासवृत्तलेखक. दक्षिण फ्रान्समधील सेव्हेराक हे त्याचे मूळ गाव असावे. ठाणे, सोपारा, भडोच व कोल्लम (क्विलॉन) या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांशी त्याच्या कार्याचा निकटचा संबंध आहे. यादव सत्तेच्या अस्तानंतर लगेचच्या काळातील कोकण किनाऱ्याविषयी एका प्रत्यक्षदर्शी परकीयाने लिहिलेली माहिती त्याची पत्रे व त्याचा ग्रंथ यांतून मिळते.

तेराव्या शतकाच्या प्रारंभी यूरोपात डोमिनिकन व फ्रान्सिस्कन हे दोन याचकव्रती संघ उदयास आले. या संघांतील भिक्षूंना ‘फ्रायर’ म्हणत. ते मठात राहून साधना करण्याऐवजी गावोगाव हिंडून उपदेश करीत. मंगोल साम्राज्यामुळे पश्चिम आशियातून पूर्वेकडे जाणारे मार्ग खुले झाले, तेव्हा व्यापाऱ्यांच्या पाठोपाठ हे फ्रायरही इराणमध्ये पोहोचले. १३१८ मध्ये पोप बाविसावा जॉन याने इराणमधील सुलतानिया येथे आर्चबिशपचे पीठ स्थापन करून ते डोमिनिकनांकडे सोपविले. जॉर्डेनस याच सुमारास तब्रीझ येथे होता.

तब्रीझहून तो टोलेंटिनोचा टॉमस, पॅड्युआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमीत्रिअस या चार फ्रान्सिस्कनांसह निघाला. दिमीत्रिअसला पूर्वेकडील भाषा येत असल्याने तो दुभाष्याचे काम करी. हुर्मुझहून समुद्रमार्गे कोल्लमला जाण्याचा त्यांचा बेत होता. परंतु त्यांचे जहाज १३२१ मध्ये साष्टी बेटावरील ठाणे बंदराला लागले. तेथील नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांना आश्रय दिला. यादवांचे राज्य १३१८ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने खालसा केले होते व ठाण्यात सुलतानाचा मलिक (अंमलदार) आणि काजी यांचा अंमल होता.

जॉर्डेनसला इराणी भाषा अवगत होती, म्हणून नेस्टोरियनांच्या विनंतीवरून तो सोपारा व भडोचकडील ख्रिस्ती लोकांना भेटण्यास एकटाच गेला. त्याच्या गैरहजेरीत ठाण्यात अनर्थ घडला. यजमानाच्या घरातील पति-पत्नींच्या भांडणाची तक्रार काजीपुढे गेली व साक्षीच्या निमित्ताने फ्रायरांना बोलावण्यात आले. तेथे धर्मविषयक वाद निघाला. पैगंबरांविषयी विचारलेल्या प्रश्नाला टॉमसने निंदाव्यंजक उत्तर दिल्याने जमाव खवळला. एप्रिल १३२१ मध्ये टॉमस, जेम्स व दिमीत्रिअस यांचा आणि त्यानंतर दोन दिवसांनी पीटरचा वध करण्यात आला. जॉर्डेनसने परत येऊन एका जेनोव्हाच्या तरुणाच्या मदतीने त्यांचे मृतदेह सोपारा येथे पुरले. पुढे पोर्देनोनेचा ओदोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्यास आला. त्याने त्यांच्या अस्थी चीनमधील झैतून बंदरी नेल्या. टॉमस याला कॅथलिक चर्चने १८९४ मध्ये ‘धन्य’ म्हणून घोषित केले.

या घटनेची सविस्तर माहिती मुख्यतः जॉर्डेनसची पत्रे व ओदोरिकचा वृत्तांत यांतूनच मिळते. जॉर्डेनस वधाच्या वेळी ठाण्यात नव्हता आणि ओदोरिक नंतर आला. म्हणजे दोघांचीही माहिती ऐकीव होती. अग्निदिव्यातून जेम्स सुखरूप बाहेर पडल्यासारखे त्यातील चमत्कार हुतात्मचरित्रांच्या परंपरेतील आहेत. त्यामुळे चौघांचा वध आणि त्यामागचा वाद हा भाग ऐतिहासिक व दिव्याचा भाग श्रद्धेचा, असा विवेक करावा लागतो. ओदोरिकच्या म्हणण्याप्रमाणे दिल्लीच्या सुलतानाने या कृत्याबद्दल मलिकाला शिक्षा केली. हे खरे असल्यास, स्थानिक अंमलदाराच्या कृतीला दिल्लीची संमती नव्हती, असे म्हणता येईल.

जॉर्डेनसची दोन पत्रे उपलब्ध आहेत. पहिले ऑक्टोबर १३२१ मधील असून ते गुजरातेतील घोघा येथून लिहिले असावे. दुसरे ठाण्याहून जानेवारी १३२४ मध्ये लिहिलेले आहे. दोन्ही इराणमधील डोमिनिकन व फ्रान्सिस्कन बांधवांना उद्देशून आहेत. सोबत्यांच्या वधानंतर तो सुमारे अडीच वर्षे एकटाच होता. आजार, दारिद्र्य, छळ व तुरुंगवास त्याने सोसला आणि आपल्यासाठी आणखी फ्रायर धाडावेत, अशी तो वारंवार विनवणी करतो. भडोच येथे सुमारे ९० आणि ठाणे व सोपारा यांच्या दरम्यान ३५ जणांना आपण बाप्तिस्मा दिल्याचे तो सांगतो. धर्मप्रसारासाठी सोपारा, भडोच व कोल्लम ही तीन केंद्रे त्याने सुचविली. पोपने या समुद्रात दोन गलबते ठेवली, तर ईजिप्तच्या सुलतानाला मोठा शह बसेल, असेही त्याने लिहिले. पोर्तुगीज आरमार हिंदी महासागरात येण्यापूर्वी पावणेदोनशे वर्षे ही कल्पना कागदावर आली होती, हे लक्षणीय आहे.

१३२८ च्या सुमारास तो यूरोपला परतला. पोप बाविसावा जॉन याने आव्हीन्याँ येथून ९ ऑगस्ट १३२९ रोजी कोल्लमचा धर्मप्रांत स्थापिला आणि २१ ऑगस्ट रोजी जॉर्डेनसची तेथील बिशपपदी नियुक्ती केली. हा धर्मप्रांत सुलतानियाच्या आर्चबिशपच्या अधीन होता. मलबारमधील नसरानी (सीरियन) ख्रिस्ती लोकांनी रोमच्या चर्चशी एकरूप व्हावे, असे आवाहन करणारे पत्रही पोपने त्याच्याजवळ दिले. १३३० च्या सुमारास तो पूर्वेकडे निघाला. मात्र त्यानंतरचा त्याचा विश्वसनीय उल्लेख आढळत नाही. १३३६ मध्ये मुंबईच्या परिसरात त्याचा वध झाला, या समजुतीला समकालीन पुरावा नाही. चौदाव्या शतकाच्या मध्यास कोल्लमला आलेला पोपचा दूत जॉन मारिन्योली तेथील लॅटिन चर्चचा उल्लेख करतो, पण जॉर्डेनसचे नावही घेत नाही. भारतात लॅटिन बिशपपीठाची अखंड परंपरा गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाल्यावर, म्हणजे १५३४ पासून सुरू झाली. कोल्लमचा धर्मप्रांत १८८६ मध्ये पुन्हा स्थापन करण्यात आला.

जॉर्डेनसची कीर्ती मिराबिलिया डेस्क्रिप्टा (पूर्वेकडील आश्चर्यांचे वर्णन) या त्याच्या लहानशा लॅटिन ग्रंथावर अधिष्ठित आहे. तो त्याने बिशपपदावर नियुक्ती झाली त्या सुमारास लिहिला. १८३९ मध्ये पॅरिसच्या भूगोल संस्थेने तो प्रथम प्रसिद्ध केला व १८६३ मध्ये हेन्री यूलने त्याचे सटीप इंग्रजी भाषांतर केले. त्यात ‘लघुभारत’, ‘बृहद्‌भारत’ व ‘तिसरा भारत’ (पूर्व आफ्रिका) असे तीन विभाग कल्पिलेले आहेत. फणस एकच असला तरी पाच माणसांना पुरतो, असे तो लिहितो. आंबा, नारळ व ताडी यांचे त्याने केलेले वर्णन अचूक असून ‘अनिबा’, ‘नार्गील’, ‘तारी’ ही नावे त्याने येथील बोलींतून उचललेली दिसतात. अग्निपूजक लोक प्रेत न पुरता, न जाळता उघड्या बुरुजात ठेवतात, हे त्याचे विधान पारशी दोख्म्याच्या यूरोपीय उल्लेखांपैकी अगदी प्राचीन होय. सतीची चाल, मलबारच्या राजघराण्यांतील भाच्याकडे जाणारा वारसा व गोवंशाविषयीचा आदर यांचीही त्याने नोंद केली आहे. लघुभारतातील लोक आहारात स्वच्छ, बोलण्यात सत्यनिष्ठ व न्यायाच्या बाबतीत श्रेष्ठ असल्याची ग्वाही तो देतो. ज्याचे सोबती याच भूमीवर मारले गेले, अशा माणसाची ही ग्वाही आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल वाढते.

तिसऱ्या भारताच्या वर्णनात मात्र तो मस्तकी रत्ने धारण करणाऱ्या सर्पासुरांसारख्या अद्‌भुत गोष्टी सांगतो. तथापि तो प्रदेश आपण पाहिलेला नसून विश्वासू माणसांकडून ऐकलेले लिहीत आहोत, हेही तो स्पष्ट करतो. प्रेस्टर जॉन या दंतकथेतील ख्रिस्ती राजाला आशियाऐवजी इथिओपियात नेऊन ठेवणाऱ्या आरंभीच्या लेखकांपैकी तो एक होय. पाहिलेले व ऐकलेले यांत असा भेद राखल्यामुळेच त्याचा ग्रंथ इतिहासकाराला उपयोगी पडतो. धर्मोपदेशक म्हणून त्याचे कार्य त्याच्यामागे टिकले नाही व बिशप म्हणून केलेल्या कार्याचा तर मागमूसही उरला नाही; परंतु चौदाव्या शतकातील पश्चिम किनारा, तेथील फळे, चालीरीती व माणसे यांचे त्याने केलेले टिपण आजही अभ्यासले जाते.