पाहुण्यांच्या हातातील पहिला पेला

सणाच्या दिवशी घरची माणसे जेवावयास जमतात. मुंबईहून दीर-जावा येतात, लेकी-जावई येतात. पानावर बसण्यापूर्वी त्यांच्या हातात थंड व हलके असे काय द्यावे, याविषयी स्मरणिकेत चार ओळी लिहा, असे मंडळातील भगिनींनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण वाचनाची आवड आहे. वाचता वाचता ध्यानात आले की, या एवढ्याशा पेल्यालाही मोठा इतिहास आहे.

आपल्याकडची जुनी रीत गूळपाण्याची. आमच्या जासईच्या बाजूला भातशेती आणि मिठागरे. उन्हातून आलेला माणूस घामाने निथळत असे. त्याला आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी द्यावयाचे, मग ख्यालीखुशाली विचारावयाची. राजवाड्यातही पेयांना मान होता. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात अन्नाप्रमाणेच पाण्याचा व पेयांचाही निराळा विचार केला आहे. जुन्या 'पानक' शब्दापासूनच आपले पन्हे आले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण ते आजही करतो.

पुढे इंग्रजी अमदानीत चहा आला, आणि एका कपाने पुण्यात केवढे वादळ उठविले! ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले अशी थोर मंडळी तेथे होती. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणेवैभव' पत्रात छापवून आणली. ख्रिस्ती लोकांच्या घरचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य झाले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. शेवटी १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी १९१० साली निघालेल्या आपल्या आठवणींत हे सारे लिहून ठेवले आहे. पेयात वावगे काहीच नव्हते. वाद होता तो देणाऱ्या हाताचा.

ही झाली चहाची गोष्ट. पण पाण्याची त्याहून कठीण. महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला, आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले. ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला. कोर्टाचा अंतिम निकाल त्यांच्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले. हे महाड आपल्याच जिल्ह्यातले. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, १९८१ पासून ते रायगड झाले. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

आता पुन्हा आपल्या स्वयंपाकघरात येऊ. बाटलीतल्या गोड सोड्याची सवय नवी नाही. मुंबईत ड्यूक कंपनी १८८९ साली निघाली. कोकाकोला १९७७ साली देशातून गेला आणि १९९३ साली परत आला. पण गॅसने पोट फुगते, आणि मग पुरणपोळी पानात तशीच राहते. जेवणापूर्वीचे पेय भूक जागवणारे हवे, ती मारणारे नको. म्हणून लहान पेला, गोडी बेताची आणि दूध-साय नको. नारळाच्या दुधाची सोलकढी जेवताना अथवा जेवणानंतर शोभते.

उन्हाळ्यात पन्हे करावे. कैऱ्या उकडून एक वाटी गर काढावा. त्यात दीड वाटी गूळ, चिमूटभर मीठ, वेलची व सहा-सात पेले पाणी घालावे. कोकमासाठी दहा-बारा आमसुले चार पेले पाण्यात अर्धा तास भिजवून कुसकरावी. साखर, मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. दिवाळीत आल्याचा रस घातलेले लिंबाचे सरबत बरे. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी पातळ ताक निराळे ठेवावे, म्हणजे त्यांना नुसते बसून राहावे लागत नाही.

भगिनींनो, एक गोष्ट मात्र कृतीइतकीच महत्त्वाची आहे. अजूनही काही घरांत धुणीभांडी करणाऱ्या बाईचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला दिसतो. सणाच्या दिवशी पहाटेपासून राबते ती, आणि सरबत दिवाणखान्यात फिरते तेव्हा तिची आठवण कोणास राहत नाही. घरातल्या सुनेचेही तेच. सर्वांना देऊन झाल्यावर भांड्याच्या तळाशी उरेल ते तिचे. महाडच्या तळ्याचा इतिहास मुलांना शाळेत शिकविला जातो, पण घरात ती आपले हात पाहून शिकतात.

तेव्हा पन्हे करा, कोकम करा, नाहीतर गूळपाणी द्या. पेले मात्र सर्वांना एकसारखे असावेत, आणि मोजताना आपला व कामाच्या बाईचा पेला आधी मोजावा.